इंग्रजी शिकणारें मूल आणि त्याचा वर्ग

इंग्रजी भाषा आपल्या समाजांत आतां नवखी राहिलेली नाहीं. १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ काढलें, तेव्हां एका रकान्यांत मराठी व शेजारच्या रकान्यांत इंग्रजी असा मजकूर ते छापीत असत. १८५४ सालीं सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला, त्यांतहि इंग्रजी शिकण्याचा उपदेश करणाऱ्या कविता आहेत. १८८० सालीं चिपळूणकर, टिळक प्रभृति मंडळींनीं पुण्यांत जी स्वाभिमानी शाळा उघडली, तिचें नांव त्यांनीं ‘न्यू इंग्लिश स्कूल’ असेंच ठेवलें. इतक्या पिढ्या आपण ही भाषा शिकत आलों; तथापि ती मुलास शिकवावी कशी, या प्रश्नाचा निकाल मात्र प्रत्येक पिढीला नव्यानें लावावा लागतो.

आज हा प्रश्न पूर्वीपेक्षां अधिक घरांत आणि अधिक कोवळ्या वयांत उभा राहिला आहे. आपल्या पणजोबांच्या काळीं मराठी चार इयत्ता पुऱ्या झाल्यावर मुलगा इंग्रजी पहिलींत जाई. तोंवर त्याचें मराठी वाचन-लेखन पक्कें झालेलें असे. महाराष्ट्र सरकारनें २००० सालापासून मराठी शाळांतूनहि पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी सुरू केलें. पुष्कळ मराठी शाळांतून गणित व शास्त्र हे विषय इंग्रजींतून शिकविण्याची ‘सेमी-इंग्रजी’ सोय झाली. आणि ज्यांना शक्य होतें, त्यांनीं तर मुलांस आरंभापासूनच इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत घातलें. याचा परिणाम असा कीं, पांच वर्षें आजीच्या मांडीवर मराठी ऐकत वाढलेलें मूल एके सकाळीं अशा वर्गांत जाऊन बसतें कीं, जेथें पाणी मागावयाचें तरी परक्या भाषेंत मागावें लागतें.

मग घरीं एक चमत्कार दिसूं लागतो. जें मूल दिवसभर प्रश्न विचारून वडील माणसांस भंडावून सोडी, तें शाळेंत तोंड उघडीत नाहीं. बाईंचा निरोप येतो, “मुलगा वर्गांत बोलत नाहीं, घरीं इंग्रजी बोलत जा.” आईवडील भितात. घरांत हुकूम सुटतो कीं, आजपासून मुलाशीं मराठींत कोणीं बोलावयाचें नाहीं. आजीला इंग्रजी येत नसतें, म्हणून ती गप्प बसते. आईचें इंग्रजी कामापुरतें असतें, म्हणून तिचें बोलणें ‘कम’, ‘गो’, ‘ईट’, ‘स्लीप’ एवढ्यावर येऊन ठेपतें. मूल शाळेंत मुकें होतेंच, आतां घरांतहि अर्धें मुकें होतें. एका भाषेच्या लोभानें दोन्ही भाषा हातच्या जाण्याचा हा प्रसंग आहे, आणि तो टाळणें शिक्षक व पालक या दोघांच्याहि हातीं आहे. आपल्या घरांतील लेकी-सुनांपैकीं कित्येकजणी स्वतः शिक्षिका आहेत. उरलेल्या सर्वांच्या घरीं गृहपाठाची वही रोज उघडतेच. म्हणून वर्गांत काय करावें, याचा विचार या पानांतून करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

दोन जुन्या वाटा

आपल्याकडे इंग्रजी शिकविण्याच्या दोन वाटा पूर्वापार चालत आल्या. पहिली भाषांतराची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या. मराठी वाक्याचें इंग्रजी करावयाचें, इंग्रजीचें मराठी करावयाचें, शब्द पाठ करावयाचे, नियम घोकावयाचे. या पद्धतीनें वाचणारे व लिहिणारे लोक पुष्कळ तयार झाले. परंतु चार वाक्यें बोलावयाचा प्रसंग आला म्हणजे त्यांतील अनेकांची जीभ टाळ्याला चिकटे, कारण बोलण्याची संवय वर्गांत कधीं झालेलीच नसे.

दुसरी वाट तिच्या उलट दिशेची. युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असें मत बळावलें कीं, परकी भाषा तिच्यांतूनच शिकवावी, मातृभाषेचा आधार घेऊं नये. वस्तु दाखवावी, कृति करावी आणि शब्द उच्चारावा. पुढें ज्यांचें नांव इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकामुळें आपल्या घरोघरीं गेलें, त्या पी. सी. रेन यांनीं हीच पद्धति भारतीय शाळांतून कशी चालवावी यावर १९११ सालीं पुस्तक लिहिलें. या पद्धतीनें वर्गांत जीव आला खरा. पण तिचा अतिरेक झाला म्हणजे मराठी शब्द उच्चारणें हा गुन्हा ठरूं लागला. ‘ॲपल’ दाखवितां येतें, ‘प्रामाणिकपणा’ कसा दाखवावा? जो अर्थ मराठीच्या एका शब्दानें क्षणांत कळला असता, त्यासाठीं पाव तास हातवारे करणारा शिक्षक वेळ वाया दवडतो, एवढेंच नव्हे, तर मुलास असेंहि सुचवितो कीं, तुझ्या घरची भाषा या खोलीच्या योग्यतेची नाहीं.

या दोहोंच्या मधून जाणाऱ्यांत मायकेल वेस्ट यांचें नांव आवर्जून घेतलें पाहिजे. ते ढाक्यास शिक्षणखात्यांत होते. बंगाली मुलांचा अभ्यास करून १९२६ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सामान्य मुलास इंग्रजीचा उपयोग मुख्यतः वाचनासाठीं होणार, तेव्हां त्याच्या हातीं त्याला समजेल असेंच वाचन द्यावें. एका पानावर नवे शब्द मोजकेच यावेत व ते पुनःपुन्हां यावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९५३ सालीं त्यांनीं सुमारें २००० अत्यंत उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादीहि प्रसिद्ध केली. पुढें १९७९ ते १९८४ या काळांत एन. एस. प्रभु यांनीं बंगलोर व मद्रासच्या कांहीं शाळांत निराळाच प्रयोग केला. आगगाडीचें वेळापत्रक, गांवाचा नकाशा अशा वस्तु मुलांपुढें ठेवून त्यावरचीं कोडीं इंग्रजींत सोडवावयास द्यावयाचीं. लक्ष कोडें सुटण्याकडे, भाषा तिच्या वाटेनें येते, असें त्याचें तत्त्व होतें. मद्रासला सकाळीं दहापर्यंत पोंचावयाचें तर कोणत्या गाडीनें निघावें, हें शोधतांना मूल ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ यांचा अर्थ कधीं शिकलें, हें त्याचें त्यालाहि कळत नाहीं.

मौनाचा अर्थ

आतां त्या न बोलणाऱ्या मुलाकडे वळूं. तान्हें मूल वर्षभर केवळ ऐकतें, आणि मग एखादा शब्द बोलतें. त्या वर्षांत तें कांहीं शिकलें नाहीं, असें कोणती आई म्हणेल? दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलाचेंहि बहुधा असेंच असतें. कांहीं आठवडे, क्वचित् कांहीं महिने, तें ऐकून घेतें. या काळांत त्यास उभें करून “बोल, बोल” म्हणून दरडावणें म्हणजे कोंब बाहेर पडला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज माती उकरण्यासारखें आहे.

मात्र मौनाच्या काळांत शिक्षकानें स्वस्थ बसावयाचें नसतें. कॅलिफोर्नियांतील जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानें १९६० नंतरच्या दशकांत एक सोपी युक्ति प्रचारांत आणली. शिक्षकानें आज्ञा द्यावी, स्वतः ती कृति करून दाखवावी, आणि मुलांनीं न बोलतां ती करावी. ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’, ‘पुट द चॉक अंडर द बुक’. साठ मुलांच्या वर्गांतहि हें साधतें. त्यास बाकापलीकडे सामान लागत नाहीं. ज्या मुलानें खडू पुस्तकाखालीं ठेवला, त्याला ‘अंडर’ कळलें. त्यानें तो शब्द उच्चारला नाहीं म्हणून कांहीं बिघडलें नाहीं. थोड्या दिवसांनीं तेंच मूल दुसऱ्यांना आज्ञा देण्यासाठीं हात वर करतें, कारण हुकूम सोडण्याची हौस कोणत्या मुलाला नसते?

याच संबंधांत एक लहानशी गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीनें १९७० च्या सुमारास अनेक वर्गांतील संभाषणें तपासलीं. तेव्हां तिला आढळलें कीं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेंच तीन सेकंद थांबलें, तर उत्तरें लांब येतात, अधिक मुलें बोलतात, आणि “माहीत नाहीं” हें उत्तर कमी होतें. हीं आपल्याच भाषेंत शिकणाऱ्या मुलांची गोष्ट. मग ज्या मुलाला प्रश्न मनांत मराठींत आणावा लागतो, उत्तर मराठींत जुळवावें लागतें आणि तें पुन्हां इंग्रजींत न्यावें लागतें, त्याला किती अवधि हवा! मनांत पांच अंक मोजण्याइतका धीर धरणें, यास कवडीचाहि खर्च नाहीं.

हाताशीं सांगाडा

बोलण्याची वेळ आली, म्हणजे मुलापुढें मोकळें आकाश ठेवूं नये, सांगाडा ठेवावा. “आंब्याविषयीं बोल” म्हटलें तर मूल घाबरतें. तेंच फळ्यावर ‘आय लाइक ---- बिकॉज इट इज ----’ एवढें लिहून ठेवलें, आणि बाजूला ‘स्वीट’, ‘सावर’, ‘ज्यूसी’ असे चार शब्द दिले, तर मागच्या बाकावरचें मूलहि पूर्ण वाक्य बोलून बसतें. भिंत चढली कीं परांची काढावयाची, तसे हे सांगाडे हळूहळू काढून घ्यावेत. ते कायमचे ठेवल्यास मूल पोपट होतें.

दुसरें असें कीं, उत्तर साऱ्या वर्गासमोर देण्यापूर्वीं तें शेजाऱ्याला सांगूं द्यावें. शिक्षकानें प्रश्न विचारावा, मुलांनीं जोडी-जोडीनें एक मिनिट बोलावें, हवें तर अर्धें मराठींत बोलावें, आणि मग एकानें उभें राहून इंग्रजींत सांगावें. साठांच्या वर्गांत एकेकाला उठविलें, तर तासभरांत दहा मुलें एकेक वाक्य बोलतात. जोड्या केल्या, तर एका मिनिटांत तीसजण एकाच वेळीं बोलत असतात. गलबला होतो, हें खरें. परंतु भाषेचा वर्ग निःशब्द असणें हें शिस्तीचें लक्षण मानूं नये.

मराठी मुलाच्या नेमक्या अडचणी

जो शिक्षक मुलाची मातृभाषा जाणतो, त्याला एक मोठा लाभ असतो: मूल कोठें अडखळणार, हें त्याला आधींच ठाऊक असतें. इंग्लंडहून आलेल्या पुस्तकांत हें लिहिलेलें नसतें, म्हणून येथें थोडें विस्तारानें सांगतों.

पहिली गोष्ट वाक्यरचनेची. आपलें क्रियापद शेवटीं येतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ येतें. आपला प्रश्नार्थक शब्द आपली जागा सोडीत नाहीं: “तूं कोठें जातोस?” म्हणून मूल ‘यू आर गोइंग व्हेअर?’ असें विचारतें. इंग्रजींत तो शब्द उठून वाक्याच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि साहाय्यक क्रियापदासहि जागा बदलावी लागते. हें नियम सांगून कळत नाहीं. प्रत्येक शब्दाची एकेक पट्टी करून ती एकेका मुलाच्या हातीं द्यावी, आणि मुलांनाच जागा बदलावयास लावाव्या. ‘व्हेअर’ची पट्टी घेतलेला मुलगा धांवत रांगेच्या पुढें गेला, म्हणजे रचना साऱ्या वर्गाच्या डोळ्यांत भरते.

दुसरी, अनुभवाच्या क्रियापदांची. मराठींत मला भूक लागते, मला ताप येतो, मला आंबा आवडतो. म्हणजे भूक, ताप व आंबा हे कर्ते, आणि ‘मी’ बिचारा चतुर्थींत बसलेला. इंग्रजींत मीच भुकेला असतों, मलाच ताप ‘असतो’, मीच आंबा ‘पसंत करतों’. “माझें पोट दुखतें” याचें ‘माय स्टमक इज पेनिंग’ होतें, तें याचमुळें. अशीं दहा-बारा वाक्यें वेगळीं काढून रोजच्या बोलण्यांत वापरलीं, तर ही खोड निघते.

तिसरी, ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची. मराठींत तीं नाहींत, आणि त्यांचे नियम मोठमोठ्यांसहि चुकवितात. परंतु लहान मुलास त्यांचें मर्म सांगण्यास आपलीच गोष्ट पुरते. “एक होता राजा” असें आपण आरंभीं म्हणतों; पुढें “त्या राजाला दोन राण्या होत्या” असें म्हणतों. पहिल्यांदा ओळख होतांना ‘एक’, ओळख झाल्यावर ‘तो’. ‘अ किंग’ आणि ‘द किंग’ यांचा मूळ भेद बहुतांशीं हाच. आजीच्या गोष्टींतून इंग्रजी व्याकरण शिकवितां येतें, तें असें.

चौथी, उच्चारांची. आपल्या एकाच ‘व’कडून इंग्रजीचे दोन उच्चार करावयाचे असतात: एकांत वरचे दांत खालच्या ओठास लागतात, दुसऱ्यांत ओठांचा चंबू होतो. अंगांत घालावयाचें ‘वेस्ट’ आणि पश्चिम दिशेचें ‘वेस्ट’ हीं मुलास एकच वाटतात. हातांत लहान आरसा देऊन ओठ पाहावयास लावावे. सांगण्याहून पाहणें बरें. उलट कांहीं बाबतींत मराठी मूल भाग्यवान् आहे. ‘जीव’ यांतला ‘ज’ आणि ‘जाड’ यांतला ‘ज’ निराळा, हें त्याला जन्मतः ठाऊक असतें. त्यामुळें ‘झू’ आणि ‘ज्यूस’ यांतील फरक त्याला लवकर पकडतां येतो. मुलास त्याच्या भाषेचें हें भांडवल दाखवून द्यावें, म्हणजे त्याचा धीर वाढतो.

पांचवी, लिपीची. देवनागरींत अक्षराचें नांव हाच त्याचा उच्चार. ‘क’ला ‘क’च म्हणतात. इंग्रजींत ‘एच्’ या नांवांत ‘ह’ कोठेंच नाहीं, आणि ‘डब्ल्यू’ या नांवाचा तर त्याच्या उच्चाराशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. म्हणून आरंभीं अक्षरांचीं नांवें घोकविण्यापेक्षां त्यांचे ध्वनि शिकवावे, व नांवें मागाहून सांगावीं. ‘कट’ आणि ‘पुट’ यांचें स्पेलिंग सारखें व उच्चार निराळा, हें पाहून मूल हंसतें. त्याला हंसूं द्यावें, आणि हा दोष त्याचा नसून त्या भाषेच्या इतिहासाचा आहे, असें सांगावें.

चुका आणि त्यांची दुरुस्ती

लाल शाईनें भरलेली वही पाहून आपण शिक्षकाच्या परिश्रमाची तारीफ करतों. मुलाला मात्र त्यांतून एकच गोष्ट कळते कीं, लिहिलें नसतें तर बरें झालें असतें. एका वेळीं एकाच प्रकारची चूक धरावी. या आठवड्यांत भूतकाळ शिकविला असेल, तर भूतकाळाच्याच चुका दाखवाव्या. उपपदांकडे तूर्त डोळेझांक करावी. बोलतांना तर मुलास मध्येंच अडवूं नये. मूल म्हणालें, ‘यस्टर्डे आय गो टु मामाज हाउस,’ तर शिक्षकानें सहज म्हणावें, ‘ओ, यू वेंट टु मामाज हाउस! व्हॉट डिड यू ईट?’ बरोबर रूप मुलाच्या कानीं पडलें, त्याचा मान राहिला, आणि गोष्ट पुढें चालली. घरांत आपण तान्ह्या मुलाचें बोबडें बोलणें असेंच सुधारीत असतों. त्याला कोणी पाटीवर पन्नास वेळां लिहावयास लावीत नाहीं.

गणिताचा व शास्त्राचा तास

सेमी-इंग्रजी आल्यापासून भाषेचा प्रश्न इंग्रजीच्या तासापुरता राहिलेला नाहीं. गणितांत ‘टेबल’ म्हणजे पाढा, शास्त्रांत ‘टेबल’ म्हणजे तक्ता, आणि घरीं ‘टेबल’ म्हणजे ज्यावर दिवा ठेवतात तें. ‘प्रॉडक्ट’ हा गुणाकार. ‘मीन’ ही सरासरी. आणि ‘वर्क’ म्हणजे काम खरें, पण पदार्थविज्ञानांत ओझें डोक्यावर घेऊन तासभर स्वस्थ उभ्या राहिलेल्या हमालानें त्या ओझ्यावर काडीचेंहि ‘वर्क’ केलेलें नसतें! मुलाचें गणित कच्चें आहे असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां त्याचें गणित चांगलें असतें आणि प्रश्नांतला एक शब्द त्याला ठाऊक नसतो.

म्हणून शास्त्राच्या व गणिताच्या शिक्षकानेंहि थोडें भाषाशिक्षक झालें पाहिजे. पाठापूर्वीं त्यांतील सहा-सात अवघड शब्द निवडावे, मराठी प्रतिशब्दांसह फळ्याच्या एका कोपऱ्यांत लिहावे, आणि पाठ संपेपर्यंत पुसूं नयेत. प्रयोग आधीं करून दाखवावा, मग त्याचें इंग्रजी वर्णन वाचावें. कल्पना डोळ्यांपुढें असली, म्हणजे शब्द तिला चिकटतात. परीक्षा घेतांना मुलास काय समजलें तें आकृति काढून, नांवें देऊन, अथवा कृति करून दाखविण्याची एखादी संधि द्यावी. नाहीं तर आपण शास्त्राची परीक्षा घेतों असें म्हणतों, आणि गुण इंग्रजीचे देतों.

अमेरिकेंत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतील सुमारें १८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हतें आणि त्यांच्यासाठीं शाळांनीं कोणतीहि वेगळी तजवीज केली नव्हती. १९७४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला तो असा कीं, सर्वांस तीच पुस्तकें, तेच शिक्षक व तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली, असें होत नाहीं. ज्या मुलाला भाषाच कळत नाहीं, त्याला त्या शिक्षणाचें दारच बंद असतें. आज परदेशीं गेलेल्या आपल्या मुलाबाळांचीं मुलेंहि तेथील शाळांत याच तत्त्वाचा लाभ घेतात. आपल्याकडेहि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें, शिक्षण शक्य तोंवर मुलाच्या मातृभाषेंतून असावें, असें म्हटलें आहे. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकविण्याची शिफारस केली आहे.

दोन प्रकारचें इंग्रजी

पालकांची फसगत होते ती एका विशिष्ट ठिकाणीं. वर्ष-दोन वर्षांत मूल खेळतांना फाडफाड इंग्रजी बोलूं लागतें, पाहुण्यांपुढें गाणें म्हणून दाखवितें, आणि घरच्यांना वाटतें कीं, गंगेंत घोडें न्हालें. मग तिसरी-चौथींत इतिहासाचा धडा समजेनासा होतो, आणि सर्व म्हणतात कीं, मुलगा अभ्यास करीत नाहीं. कॅनडांतील जिम कमिन्स यांनीं १९७९ सालीं या कोड्याचा उलगडा केला. रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिली सुमारें दोन वर्षांत येते. दुसरी समवयस्कांच्या बरोबरीनें येण्यास पांच ते सात वर्षें लागतात. त्यांचें दुसरें म्हणणें त्याहूनहि महत्त्वाचें आहे. विचार करणें, तुलना करणें, कारण शोधणें, गोष्टीचा सारांश सांगणें, हीं कौशल्यें ज्या मुलानें मातृभाषेंत कमावलीं, त्याला तीं दुसऱ्या भाषेंत नेतां येतात. जें मूळ भांड्यांतच नाहीं, तें दुसऱ्या भांड्यांत ओतावें कोठून?

घरानें काय करावें

येथें आजीबाईंचें स्थान लक्षांत येईल. ती जी गोष्ट सांगते, मध्येंच थांबून “मग काय झालें असेल, सांग पाहूं” असें विचारते, “राजानें असें कां केलें?” म्हणून खोदून पाहते, ती इंग्रजी शिक्षणाची तयारीच करीत असते, मग तिला ‘ए बी सी’ येवो अगर न येवो. तिला गप्प बसविणें म्हणजे घरचा फुकट मिळालेला उत्तम शिक्षक दाराबाहेर काढणें होय. आणि मुलगा इंग्रजींत पारंगत झाला, पण आजीशीं बोलावयास त्याच्यापाशीं शब्द उरले नाहींत, तर त्या हिशेबांत जमेपेक्षां खर्चच मोठा झाला, असें आमचें मत आहे.

तेव्हां बाईंचा निरोप आला, तर घाबरून घरची भाषा बदलूं नये. शाळेंत जाऊन शांतपणें तीन गोष्टी विचाराव्या. मूल बोलत नसलें तरी सांगितलेलें काम करतें का? सूचना त्याला समजतात का? मधल्या सुटींत तें इतर मुलांशीं खेळतें का? याचीं उत्तरें होकारार्थी असतील, तर तें शिकत आहे. त्याला अवधि द्यावा. उत्तरें नकारार्थी असतील, अथवा घरांत मराठींतहि तें वयाच्या मानानें मागें असेल, तर मात्र कान तपासून घ्यावे आणि जाणत्याचा सल्ला लवकर घ्यावा.

ज्यांना घरीं कांहीं करावेसें वाटतें, त्यांच्यासाठीं एक खेळ सुचवितों. एकत्र कुटुंबासारखें शब्दसंग्रहाचें कोठार दुसरें नाहीं. मोठ्या कागदावर मुलाकडून घराण्याचा वृक्ष काढवावा. मग त्याला आढळेल कीं, काका, मामा, आत्याचे यजमान व मावशीचे यजमान या सर्वांना इंग्रजींत एकच ‘अंकल’. चुलत, आते, मामे आणि मावस भावंडें सारीं ‘कझिन’. दीर, मेहुणा व साडू हे तिघेहि ‘ब्रदर-इन-लॉ’. मग त्याला विचारावें, “हा अंकल कोणता, हें इंग्रजींत कसें सांगशील?” तें जुळवूं लागेल: ‘माय फादर्स यंगर ब्रदर’, ‘माय मदर्स सिस्टर्स हजबंड’. षष्ठीचा सारा धडा एका दुपारांत होतो. उलट, काल आणि उद्यां यांना इंग्रजींत निरनिराळे शब्द आहेत, तसे आपल्याकडेहि आहेत. पण ‘परवां’ हा आपला एकच शब्द मागेंहि जातो आणि पुढेंहि जातो, हें त्याला इंग्रजी शिकतांनाच प्रथम जाणवतें. दुसऱ्या भाषेच्या खिडकींतून पाहिलें, म्हणजे आपलें घर नव्यानें दिसतें.

आणि रोज रात्रीं पंधरा मिनिटें वाचन असावें: एक दिवस मराठी पुस्तक, एक दिवस सोपें इंग्रजी पुस्तक. इंग्रजी पुस्तक निवडतांना एक पान उघडून मुलास वाचावयास लावावें. न कळलेल्या शब्दागणिक एक बोट दुमडावें. पांचहि बोटें दुमडलीं, तर पुस्तक तूर्त कपाटांत ठेवावें आणि त्याहून सोपें काढावें. वाचून झाल्यावर गोष्ट मुलानें आजीला मराठींत सांगावी. आजीला गोष्ट कळली, तर मुलाला इंग्रजी कळलें असें समजावयास हरकत नाहीं.